कोंबडा पुन्हा पुन्हा लंगडतोय? खपली खरवडण्याआधी दांडी आणि जमीन बघा

तळपायाला गाठ येते, वर काळी खपली धरते. कोणीतरी ती नखाने उकरतं, हळद भरतं. आठ-दहा दिवस कोंबडा बरा चालतो आणि महिन्याभरात त्याच जागी पुन्हा गाठ. घरच्या कोंबडे-कोंबड्यांमध्ये, त्यातही सोडवून आणलेल्या जड पक्ष्यांमध्ये, सगळ्यात जास्त वेळा उलटणारं दुखणं हेच. पशुवैद्य त्याला बंबलफूट म्हणतात. ते उलटतं कारण उपचार खपलीवर होतो आणि पाय जिथे रोज आदळतो ती जागा तशीच राहते.

लक्षणं

- सकाळी खुराडं उघडल्यावर नेहमी पुढे असणारा कोंबडा शेवटी बाहेर येतो, किंवा येतच नाही.
- दाणे टाकल्यावरही एक पाय पोटाशी धरून उभा. (विश्रांती घेताना एका पायावर उभं राहणं हा पक्ष्यांचा स्वभावच आहे. खायला धावायच्या वेळीही पाय टेकत नसेल तर दुखतंय.)
- संध्याकाळी दांडीवर, म्हणजे रात्री बसायच्या आडव्या लाकडावर, न चढता खाली कोपऱ्यात बसून झोपतो.
- बसून खातो, त्यामुळे छातीच्या हाडावरची पिसं घासून गेलेली.
- आरवणं कमी होतं, कोंबड्यांवर चढणं बंद होतं.
- तळव्याच्या मधोमध वाटाण्याएवढा कडक गोळा, वर तपकिरी किंवा काळी खपली, बोटांच्या बेचक्यात सूज, हाताला ऊब.

कडकनाथाचा पाय मुळात काळाच, त्यामुळे खपली नजरेला दिसत नाही. तिथे अंगठ्याने तळवा दाबून दोन्ही पायांची तुलना करावी लागते. आणि कोंबड्या दुखणं लपवतात. कळपात लंगडं दिसणाऱ्याला बाकीचे टोचतात, म्हणून लंगडणं डोळ्यांत भरेपर्यंत दुखणं बरंच जुनं झालेलं असतं.

आता तपासण्या. फुकट आणि सोप्या आधी, खर्चाच्या नंतर. काही वेळा पहिल्या तीन-चारमध्येच कारण सापडतं, म्हणून क्रम मोडू नका.

१. हात न लावता दोन मिनिटं चालताना बघा

कोंबड्याला सपाट जागेवर सोडा, समोर मूठभर दाणे टाका आणि मागून बघा. एकच पाय टेकताना चुकतोय की दोन्ही? हा प्रश्न आधी का, तर तळपायाचं दुखणं बहुतेक एका पायाला असतं आणि पक्षी एरवी तरतरीत असतो.

एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून पडत असेल, पंजा पकडच घेत नसेल आणि वय दीड ते सहा महिन्यांच्या आसपास असेल तर मरेक्स या विषाणूच्या आजाराचा संशय घ्या. त्यावर औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशी द्यायची असते. कोंबडी दोन्ही पाय फाकवून, शेपटी खाली टाकून, अंग उभं धरून चालत असेल तर पायाकडे नाही, अंड्याकडे बघा. आत अंडं अडकलेलं असू शकतं आणि ते त्याच दिवशीचं काम आहे. मान वळलेली, हिरवट पातळ शीट आणि एकापेक्षा जास्त पक्षी सुस्त, ही राणीखेतची म्हणजे मानमोडीची चिन्हं आहेत. कळपात अचानक मरतूक सुरू झाली तर मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, विकू नका, खाऊ नका आणि उकिरड्यावर टाकू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

यातलं काही नसेल तरच पुढे जा.

२. बोटांना दोरा, केस, मांजा

शहरातल्या आणि गच्चीवरच्या कोंबड्यांमध्ये हे इतकं सर्रास आहे की पाय धुण्याआधी हेच बघावं. बाईचा लांब केस, गोणीचा प्लास्टिकचा धागा, संक्रांतीनंतर उरलेला मांजा. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी तुकडे झाडांवर आणि गच्च्यांवर सापडतातच. कोंबडी जमीन उकरताना दोरा बोटाभोवती फिरतो, सूज आली की मांसात रुततो आणि मग दिसत नाही. फक्त बोटावर एक चर दिसतो, त्याच्या पुढचा भाग सुजलेला किंवा निळसर.

टॉर्चच्या उजेडात बारीक टोकाच्या कात्रीने किंवा भरतकामाच्या हुकाने दोरा उचलून कापा. ओढून काढू नका. मांजा मांस कापत जातो. सगळे वेढे निघाले का ते पुन्हा मोजून बघा, एक वेढा राहिला तरी बोट जातं. पुढचा भाग काळा, थंड आणि सुकलेला असेल तर तो मेलाय. तो घरी छाटायचा नाही.

३. पाय धुऊन तळवा बघा

अंधार पडल्यावर धरा, कोंबडा शांत असतो. पंख जुन्या टॉवेलात गुंडाळा, पक्षी काखेत उभा धरा, पाय तुमच्या पुढे येऊ द्या. पाठीवर उताणा फार वेळ ठेवू नका आणि छाती दाबून धरू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. घट्ट मिठीत कोंबडी गुदमरते, ही चूक पहिल्यांदा धरणाऱ्यांकडून हमखास होते.

कोमट पाण्यात पाय पाच मिनिटं बुडवा आणि जुन्या मऊ टूथब्रशने चोळा. पावसाळ्यात नखांवर शीट आणि मातीचे दगडासारखे गोळे जमतात. नुसत्या गोळ्यानेही पक्षी लंगडतो. तो भिजवून बोटांनी चुरायचा. चिमट्याने उपटला तर नखाचं कवच त्याच्याबरोबर येतं आणि रक्ताची धार लागते.

धुतल्यावर चार गोष्टी बघा: काटा रुतलाय का, कातडीला चीर आहे का, खपली आहे का, आणि खपलीखाली गोळा हाताला लागतो का. तळवा नुसता गुलाबी आणि गुळगुळीत झालाय, खवल्यांची बारीक दाणेदार नक्षी पुसली गेलीय, ही बंबलफूटची पहिली पायरी. याच वेळी जमीन आणि दांडी बदलली तर औषधाची गरज पडत नाही.

४. नखं आणि आर

उकरायला माती नसेल तर नखं झिजत नाहीत. लांब नख बोट वर उचलतं आणि सगळा भार तळव्याच्या मधल्या गादीवर येतो. पिंजऱ्यातून सोडवलेल्या अंड्यांच्या कोंबड्यांची नखं अनेकदा वळून बाजूला गेलेली असतात. कोंबड्याच्या पायामागची आर फार वाढली की ती दुसऱ्या पायाला घासते, मग तो पाय फाकून, तळव्याच्या कडेवर चालतो.

नख एका वेळी २ मिलिमीटरच कापा. आत जिवंत, रक्त असलेला भाग आहे आणि तो नखाबरोबर वाढलेला असतो. दर दहा-बारा दिवसांनी थोडं थोडं कापलं की तो मागे सरकतो. आरीच्या आत हाड असतं, म्हणून फक्त बोथट टोक कानशीने घासायचं. आर पिरगाळून कवच काढायची पद्धत काही ठिकाणी चालते. ती करू नका, आतला भाग उघडा पडतो आणि दुखतो. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर किंवा तुरटीची पूड लावून दोन मिनिटं दाबून धरा.

५. नळीवरचे खवले

पायाच्या नळीवरचे खवले एकमेकांना चिकटून सपाट असायला हवेत. ते वर उचललेले, खाली पांढरी भुकटी, पाय जाड आणि खडबडीत दिसत असेल तर ती पायाची खरूज आहे. खवल्यांखाली शिरलेले डोळ्यांना न दिसणारे किडे तिला कारण असतात.

पाय भिजवून, मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण पुसून व्हॅसलिनचा जाड थर खवल्यांत चोळा. आठवड्यातून तीनदा, कमीत कमी चार आठवडे. थराखाली किडे गुदमरतात, पण एका वेळी सगळे मरत नाहीत, म्हणून मध्येच थांबलं की पुन्हा होते. एकाला दिसली तर सगळ्यांना लावा आणि दांडी गरम पाण्याने घासून उन्हात टाका. रॉकेल किंवा डिझेल लावू नका. कातडी भाजते आणि चोचीने पिसं साफ करताना ते पोटात जातं.

६. जमीन

शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा, जाळीचा तळ, खडी आणि कोकणात अंगणातले खरखरीत जांभ्याचे चिरे. या पाचांपैकी एक तरी, गाठ उलटणाऱ्या घरात बहुतेक सापडतंच. कडक जमीन गादी चेचते, ओली जमीन कातडी भिजवून मऊ करते. दोन्ही एकत्र आल्या की साधा खडाही आत शिरतो आणि त्याच्याबरोबर कातडीवर एरवीही राहणारे जंतू. म्हणून या दुखण्याचा मोसम श्रावण-भाद्रपद.

खुराड्यात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा किमान ४ इंच हवा. मूठभर उचलून दाबा आणि हात उघडा. भुगा सुटा पडला तर ठीक, लाडू वळला तर बदला. पाण्याच्या भांड्याभोवतीचा हातभर भाग सगळ्यात आधी ओला होतो. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की सांडणं निम्म्याने कमी होतं. खडीवर वाळूचा ३ इंच थर द्या. जाळीचा तळ काढता येत नसेल तर निम्म्या भागावर फळी टाका.

७. दांडी

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच असतो आणि सगळ्यात कमी वेळा इथे बघितलं जातं.

कोंबडी रात्री दहा-बारा तास एकाच जागी बसते. दांडी पाइपासारखी बारीक असेल तर सगळं वजन तळव्याच्या एका रेषेवर येतं. २ इंच रुंद चपटं लाकूड, वरच्या दोन्ही कडा पॉलिशपेपरने गोल केलेल्या, हे माप चालतं. जीआय पाइप आणि पीव्हीसी घसरतात, म्हणून पक्षी बोटं आवळून बसतो. बांबू चालेल, पण अख्खा आणि जाड. कापलेल्या बांबूची कपची सुरीसारखी धारदार असते आणि पेरावरचा उंचवटा बरोबर तळव्याखाली येतो.

आता चाचणी. जुनं सुती फडकं दांडीभोवती मुठीत धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबून ओढा. धागा जिथे अडकेल तिथे कुसळ किंवा खिळ्याचं टोक आहे. नजरेला गुळगुळीत दिसणाऱ्या लाकडावरही फडकं दोन-तीन ठिकाणी अडकतं.

मग उंची. चढताना इजा होत नाही, उतरताना होते. गावठी कोंबडी हलकी, पंख फडफडवत तिरकी उतरते. जड कोंबडा पंखांवर पेलत नाही, थेट आदळतो. आणि खुराडं लहान असेल तर तिरकं उतरायला जागाच नसते. तीन किलोच्या वरच्या पक्ष्याला दांडी जमिनीपासून एक फूट, त्याहून जास्त नाही. गावठीसाठी तीन-चार फूट चालतात, पण खाली ५ इंच तूस हवं. दांड्या वरखाली असतील तर आडव्या पट्ट्या मारलेली फळी तिरकी लावून द्या. पहाटे दार उघडायच्या आधी पाच मिनिटं आत बसून बघा: कोण कुठून उडी मारतो आणि कुठे पडतो ते कळलं की त्या पक्ष्याच्या गाठीचं कोडं सुटतं.

८. वजन आणि खाणं

सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला कापडी पिशवी अडकवा, कोंबडा पिशवीत, डोकं बाहेर. महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा.

बाजारात रंगवून विकलेली पिल्लं किंवा गाडीतून पडलेला, कोणीतरी वाचवलेला पक्षी पुष्कळदा बॉयलर निघतो. ही जात सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो व्हावी म्हणून तयार केलेली आहे. तिला म्हातारं होईपर्यंत जगवायचं असेल तर भांडं दिवसभर भरलेलं ठेवून चालत नाही. मोठ्या झालेल्या बॉयलरला दिवसाचं खाणं दोन वेळांत मोजून, १०० ते ११० ग्रॅमपासून सुरू करा आणि वजनाकडे बघून कमी-जास्त करा. छातीच्या हाडाची धार बोटांना लागली पाहिजे, पण सुरीसारखी टोचता कामा नये. भुकेने तो ओरडेल. पालेभाज्या टांगून ठेवा, त्यात त्याचा वेळ जातो.

नुसता भात, शिळी पोळी आणि फरसाण यावर जाडी वाढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं; मग तळव्याची कातडी जाड, कोरडी होऊन तडकते. शेवग्याचा पाला, मेथी, किसलेलं गाजर रोज द्या.

कोंबड्यासाठी एक वेगळी गोष्ट. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, कोंबड्याला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. वर्षानुवर्षं लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य खाऊन त्याची मूत्रपिंडं बिघडू शकतात आणि सांध्यांत युरिक आम्ल साचून पाय सुजतात. सगळ्यांना ग्रोअरचं, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना हवा त्या कोंबड्या खातात.

घरी करता येईल तेवढा उपचार

फक्त या अवस्थेत: गाठ वाटाण्याहून मोठी नाही, सूज तळव्यापुरतीच, पक्षी खातोय-पितोय.

हातमोजे घाला, हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट विरघळवून पाय १० ते १५ मिनिटं बुडवा. ते पाणी पक्ष्याला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. पाय पुसून कोरडा करा. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा आणि सुकू द्या. भिजवल्यावर खपली आपोआप सुटली तर सुटू दे, उकरू नका.

मग गॉजची छोटी चुंबळ वळा, डोक्यावर हंड्याखाली ठेवतात तशी, आणि गाठ तिच्या भोकात येईल अशी तळव्याला बसवा. भार कडेच्या चांगल्या भागावर जातो, गाठीवर पडत नाही. खरा उपचार ही चुंबळच आहे. वरून स्वतःला चिकटणाऱ्या बँडेजची बोटभर रुंद पट्टी बोटांच्या बेचक्यांतून आणि नळीभोवती दोनदा घ्या. ताणू नका. तासाभराने बोटं हाताला गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी घट्ट झालीय, लगेच सोडा.

दर दुसऱ्या दिवशी बदला, आणि ओली झाली तर त्याच वेळी. प्रत्येक वेळी तळव्याशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. रोज बघणाऱ्याला गाठ वाढतेय की घटतेय ते कळत नाही, नाण्याशेजारी कळतं. हळदीचा लेप टाळा. आतली गाठ त्याने विरघळत नाही आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसायची बंद होते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत. डायक्लोफिनॅकने गिधाडं मेली म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, आणि कोंबड्यांच्या मूत्रपिंडांनाही ते घातक ठरतं.

इथे थांबा आणि पशुवैद्याकडे न्या

- १० दिवसांत नाण्याशेजारची गाठ लहान झाली नाही.
- सूज पायाच्या वरच्या बाजूला, बोटांत किंवा नळीवर चढली, किंवा मागे वाकणारा सांधा गरम लागतोय.
- घाण वास, पाझर, किंवा दोन्ही पायांना गाठ.
- चोवीस तास खाल्लं नाही, तुरा फिका किंवा काळसर.
- पाय वेड्यावाकड्या कोनात, किंवा हाडाची करकर हाताला लागते. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची हाडं ठिसूळ असतात, छोट्या उडीनेही मोडतात.

ब्लेडने गाठ उघडायचे व्हिडिओ भरपूर फिरतात. ते करू नका. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट गोळा होतो, त्यामुळे तो दाबून वाहत नाही. मुळापासून सोडवावा लागतो. तळव्यात कातडीखाली लगेच बोटं वळवणारे दोरीसारखे स्नायुबंध आणि हाड आहे. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून साधारण १०० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे चहाचा एक कप. आणि भूल न देता कापणं म्हणजे तिला नुसत्या वेदना देणं. तिने आवाज केला नाही, म्हणून दुखत नाही असं नसतं.

जाण्याआधी फोन करून पक्षी बघतात का ते विचारा, सगळ्याच दवाखान्यांत बघत नाहीत. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, तळाला टॉवेल घालून न्या. बरोबर फोटो, वजनाची नोंद, खाद्याच्या गोणीवरच्या चिठ्ठीचा फोटो आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचं वेष्टन. अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस टाकून द्यायची हे तिथेच विचारून लिहून घ्या. कोर्स मध्येच सोडू नका.

पट्टी निघाल्यावर पहिले १५ दिवस दांडी जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा किंवा पक्ष्याला तुसावरच झोपवा. नवी कातडी गुलाबी आणि पातळ असते, एका चुकीच्या उडीत फाटते. त्यानंतर दर पंधरवड्याला, रात्री टॉर्च घेऊन, सगळ्यांचे तळवे बघा. बरा झालेल्या पायाआधी दुसरा पाय बघा, कारण इतके दिवस सगळा भार त्याने पेललेला असतो.